दुसरी घंटी

"आधी सांग, काय खाऊन आलीस?"

उमाबाई नातवाला कडेवर सावरत दोन पावलं मागे सरल्या. मंजुषाचे पसरलेले हात तसेच राहिले.

लातूर-नांदेड गाडी लोह्याच्या स्टँडवर आत्ताच लागली होती. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पण आज कंडक्टर मंजुषानं थांबायची घंटी स्टँडच्या फाटकातच ओढली होती आणि ड्रायव्हर विरूपाक्ष गालात हसला होता. त्याला ठाऊक होतं. लेकरू लोह्यात आजीकडे असायचं, आणि अकरा दिवसांनी मंजुषाला या मार्गाची ड्यूटी लागली होती. गाडी इथं दहा मिनिटं थांबते. तेवढ्या दहा मिनिटांसाठी ती सकाळपासून घड्याळ बघत होती, आणि सासूबाई विचारत होत्या जेवणाचं.

"भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी," ती म्हणाली. "अहमदपूरला खाल्ली. का हो, आत्याबाई?"

"मग शिवू नको लेकराला."

चटणी उमाबाईंनीच कुटून पाठवलेली होती. आता त्या एका दमात सांगत सुटल्या. चार दिवसांपूर्वी त्यांनी शिवांशच्या जिभेला बोटभर आमटी लावली. आमटीत कूट होतं. त्यांच्या घरात कोणती भाजी कुटाशिवाय होते? पंधरा मिनिटांत पोराचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. सासऱ्यांनी, मलप्पांनी, चप्पलसुद्धा न घालता त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. घरात दाणा ठेवू नका. ज्यानं खाल्लं असेल त्यानं साबणानं हात धुवायचे, तोंड खळखळून धुवायचं, मगच बाळाला घ्यायचं.

फोनवर का नाही सांगितलं, असं मंजुषानं विचारलं.

"फोनवर सांगून काय झालं असतं? तू गाडीत रडत बसली असतीस. तिकिटं कोणी दिली असती?" उमाबाईंचा आवाज जरा बसला. "माझ्याच हातानं झालं गं ते."

त्यावर बोलायलाही वेळ नव्हता. मंजुषा नळाकडे पळाली. नळ कोरडा होता. समोरच्या चहावाल्यानं साबणाचा तुकडा आणि पाण्याचा जग दिला. तिनं कोपरापर्यंत हात घासले, पाच चुळा भरल्या आणि खात्री नाही म्हणून सहावी भरली. परत आली तेव्हा सहा मिनिटं गेली होती.

हात वाळेपर्यंत तिनं ते वर धरले आणि ऐकत राहिली. खालचे दोन दात आले. आजीच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी चावायचा त्याला नाद लागलाय, आणि देव काही त्याच्यावर रागावत नाही. पलंगाचा पाय धरून उभा राहतो. दिवसा झोपत नाही. रात्री उठला की चाचपडत राहतो, मग उमाबाई मंजुषाची जुनी साडी अंगावर घेतात. तिचा पदर मुठीत आला की झोपतो. आणि आता टाटा करायला शिकलाय. दूधवाल्याला करतो, मांजरीला करतो, रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला करतो. जो जाईल त्याला टाटा.

मंजुषा हसली. हे सगळं तिनं स्वतः बघायला हवं होतं. दात तरी.

"घे आता," उमाबाई म्हणाल्या.

तिनं हात पुढे केले आणि मान खाली गेली. खाकी शर्टाच्या खिशावर, छातीपाशी, चटणीच्या तेलाचा लाल डाग होता. बोटाच्या पेराएवढा. बरोबर तिथंच तो तोंड खुपसायचा. उमाबाईंच्या नजरेला तो डाग दिसला नव्हता. खांद्यावर बॅग घेऊन तो झाकता आला असता. अर्धं मिनिटच तर त्याला घ्यायचं होतं.

तिनं हात मागे घेतले.

"राहू द्या, आत्याबाई. वेळ झाली."

वेळ झाली नव्हती. अजून दोन मिनिटं होती. त्याला छातीशी धरावं असं तिला इतकं वाटत होतं की दंड दुखायला लागले. ती त्याच्याकडे बघत बघत उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली आणि पायरीवर चढली. विरूपाक्ष आपल्या जागेवर येऊन बसला. प्रवासी भरले होते. मागून कोणीतरी म्हणालं, चला मॅडम, नांदेडला रेल्वे गाठायचीय.

उमाबाई पोराला घेऊन दारापाशी आल्या.

"कर बरं. आईला टाटा कर."

शिवांशनं आईकडे टक लावून पाहिलं. तिची खाकी टोपी, रिकामे हात, मग तोंड. त्याचा उजवा हात वर आला. मंजुषानंही आपला हात हलवायला उचलला.

त्यानं हात हलवला नाही. डावाही वर केला, दोन्ही हात तिच्याकडे पसरले आणि आजीच्या कडेवरून अख्खा बाहेर झुकला.

विरूपाक्षनं गाडी सुरू केली. मंजुषाचा हात दोरीवर गेला. घंटी एकदा वाजली.

विरूपाक्षनं गिअर टाकला नाही. आरशात बघितलंही नाही. ब्रेकवर पाय ठेवून तो दुसऱ्या घंटीची वाट बघत बसला.