इथला रहिवासी नाही

कारखानदार स्वतःच्याच घरातून स्वतःचा मागमूस पुसत होता. बाथरूममधलं दाढीचं सामान गेलं, पलंगाखालच्या चपला गेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या. भिंतीवरचा सत्काराचा फोटोसुद्धा त्यानं उतरवला. सगळं खाली गाडीच्या डिकीत जात होतं. बायको दाराशी उभी राहून बघत होती. मदत कर म्हणाला असता, तर तिनं आनंदानं केली असती.

दोघांचे जबाब घ्यायला करखात्याचे निरीक्षक तासाभरात येणार होते. कोणीतरी तक्रार केली होती.

प्रकरण साधं होतं. त्या देशात उत्पन्नावरचा कर प्रत्येक राज्य आपापला ठरवी. या राज्यात राहणाऱ्याला उत्पन्नावर राज्याचा कर भरावा लागे, आणि तो चांगला सणसणीत होता. शेजारच्या राज्यात तो नव्हताच. पंपांच्या धंद्यात पैसा आल्यावर कारखानदाराला शेजारच्या राज्याचं एकाएकी प्रेम उफाळून आलं. तिथे एका गॅरेजच्या वर त्यानं खोली घेतली, मतदार यादीत नाव घातलं आणि एक रात्रही न काढता तिथला होऊन गेला. इथलं घर नावावर राहिलं तर सगळं मुसळ केरात जाईल, असं सल्लागार म्हणाला. म्हणून त्यानं ते बायकोच्या नावावर केलं.

"कागदापुरतं तुझं," तो तिला म्हणाला होता. "डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस."

तिच्या डोक्यात हवा नव्हती, दुसरंच काही होतं. मागच्या वर्षी तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आई मागच्या खोलीत राहायला आली. टाके निघायच्या आत कारखानदारानं त्या खोलीत व्यायामाची सायकल आणून ठेवली. जेवताना, आईच्या देखत, त्यानं विचारलं, "पाहुणे कधी निघणार?" आई त्याच संध्याकाळी निघाली. जिना तिनं बसत बसत उतरला. जावई तेव्हा बाल्कनीत फोनवर हसत होता. सायकलवर पुढे तो कधी चढलाच नाही, तिच्यावर टॉवेल वाळत राहिले. बायको त्याला वाढत होती, त्याच्या शर्टांना इस्त्री करत होती आणि मनातल्या मनात रोज त्याला घराबाहेर काढत होती.

"नीट ऐक," डिकी लावून वर आल्यावर तो म्हणाला. "बायको इथे राहते म्हणजे नवराही इथेच राहतो, असं धरून चालतात हे लोक. तू सांगायचंस, आम्ही वेगळे राहतो. बास. सगळं तुझ्या जबाबावर आहे. घोळ घातलास, तर मागचा सगळा कर दंडासकट माझ्या मानेवर बसेल."

"घोळ नाही घालणार," ती म्हणाली.

एका वाक्यात ती त्याला बुडवू शकत होती. हे दोघांनाही माहीत होतं. ती बुडवेल, असं मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

निरीक्षक आले. सर्दी झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी कपाटं उघडून पाहिली, बेसिनवरचा एकुलता एक ब्रश पाहिला. कारखानदार बूट घालून सोफ्याच्या कडेवर टेकला होता. पाहुण्याची भूमिका त्याच्या अंगात पुरती भिनली होती.

"बाथरूम कुठे आहे हो?" त्यानं बायकोला विचारलं.

तीही काही कमी नव्हती. "डावीकडे, दुसरं दार. दिवा बाहेरून लागतो."

मग निरीक्षक तिच्यासमोर बसले. "बाई, सरळच विचारतो. हे इथे राहतात का?"

कारखानदाराचा हलणारा पाय थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो पाहून तिला मनापासून बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिनं जरा लांबवलं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही वेगळे राहतो. घर माझं आहे. त्यांची एक चप्पलसुद्धा इथे नाही, तुम्ही बघितलंतच."

दोघांचे जबाब झाले, सह्या झाल्या. निघताना निरीक्षक कारखानदाराला म्हणाले, "पुढच्या वेळी आम्ही न सांगता येऊ. इथे मुक्कामाला सापडलात, तर कर आणि दंड राहू दे, खोट्या जबाबाचा खटला होईल. तुरुंग असतो त्याला."

"छे हो, भलतंच काय!" कारखानदार हसला. त्यांना सोडायला खाली गेला, त्यांची गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिला. मग डिकीतलं सामान घेऊन शीळ घालत वर आला.

दाराला आतून साखळी होती.

"अगं, उघड! गेला तो."

"पुन्हा येतील," ती फटीतून म्हणाली. "तुम्ही आपल्या खोलीवर जा. अंधार पडायच्या आत पोहोचाल."

"वेड लागलंय का तुला? माझं घर आहे हे!"

"जरा मोठ्यानं म्हणा ना. साहेबांचा नंबर आहे माझ्याकडे."

तो दार बडवत राहिला. शेजारचं दार किलकिलं झालं, तसा गप्प झाला. थोड्या वेळानं खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात गेली आणि आई मागच्या खोलीत आली. सगळी हकीकत ऐकून ती खूश व्हायच्या ऐवजी हळहळली.

"अगं, तक्रार तूच केली होतीस ना? मग ऐन वेळी कच का खाल्लीस? खरं सांगून टाकायचंस. जन्माची अद्दल घडली असती मेल्याला."

"अद्दल कसली घडतेय, आई! खरं सांगितलं असतं, तर त्यानं कर भरला असता," लेक म्हणाली, "आणि इथेच राहिला असता."