तीन ब्रेकर

“वेग किती असेल?” सुभाषचंद्रांनी विचारलं.

सिंधूताईंनी प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवला. “मला काय मागे डोळे आहेत?”

“अंदाजे सांग.”

“जोरात होता.”

सुभाषचंद्रांनी आलेखाच्या कागदावरल्या वाटेच्या नकाशावर पट्टी धरून एक आडवी रेघ मारली. हा तिसरा स्पीडब्रेकर. पहिला परवा आला होता, सायकलवाला मागून आला म्हटल्यावर. दुसरा काल, तळ्याच्या बाजूने आला म्हटल्यावर. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेला माणूस. बिघाड कुठे झाला हे सापडल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. सिंधूताई एकेक थाप मारत होत्या आणि कॉलनीमागच्या वाटेवर एकेक उंचवटा चढत होता.

धडक कुणी दिलीच नव्हती. सायकलवर सिंधूताईच होत्या.

वरच्या मजल्यावरच्या कश्मिराची लेडीज सायकल. कश्मिरा बँकेत नोकरीला, वयाने लेकीसारखी. सुभाषचंद्र पहाटे गच्चीवर प्राणायामाला गेले की या दोघी तळ्याकाठी. सिंधूताईंचं वय बासष्ट, अंगात कश्मिराचाच ढगळ कुर्ता. सतरा दिवस कश्मिरा सीट धरून मागे धावली. अठराव्या दिवशी तिने न सांगता हात काढून घेतला. सिंधूताई एकट्या विजेच्या दोन खांबांइतकं अंतर गेल्या, आणि एवढा आनंद झाला की ब्रेक कुठे असतो तेच विसरल्या.

घरी आल्यावर तोंडातून निघालं ते, “मेला कुणी सायकलवाला धडकून गेला.” मनगट मोडलेल्या बाईला कोण खोटं म्हणणार?

नकाशा त्या हिंदी मुलखातल्या कॉलनीभर फिरला. वाट एकच, चालणारेही तिथेच आणि सायकलीही तिथेच, तेव्हा ब्रेकर सगळ्यांनाच पटले. सेक्रेटरी सुमेध म्हणाला, “अंकलजी, कमाल का नक्शा है!” पण मग कुणीतरी दुसरा हिशेब मांडला. पहाटे साडेपाचला त्या वाटेने सायकल जाते ती एकट्या मारुतीची. मारुती म्हणजे जुन्या शहरातल्या मानिक चौकातून फुलं उचलून सीपरीपर्यंत घरोघर देवाच्या पुड्या टाकणारा. पन्नाशीचा, मुकाट माणूस. रविवारच्या बैठकीत ब्रेकरांच्या आधी त्याची सायकल बंद करायचं ठरणार होतं. म्हणजे त्याने हमरस्त्याने यायचं, अंधारात, ट्रकांच्या मधून.

रविवारी सकाळी मारुतीने नेहमीसारखी पुडी दिली. झेंडू, तगर, दोन जास्वंदी. पुडी घेताना सिंधूताईंची मान वर होईना. अठराही दिवस तो त्यांच्या शेजारून गेला होता. लांबूनच घंटी वाजवायचा, गवतात उतरून वळसा घालायचा, आणि एकदा तर म्हणाला होता, “सामने देखो भाभीजी, पहिया नईं.”

आज तो आत डोकावला. साहेब घरात नाहीत हे पाहून हळूच म्हणाला, “भाभीजी, हमने काऊ से कछू नईं कही.”

कुणापाशी अवाक्षरही काढलं नव्हतं त्याने. आणि सायकल वळवून गेलाही.

सिंधूताईंनी फुलं देवापुढे ठेवली, पण वाहिली नाहीत. हात जोडता येत नव्हते हे खरं. नुसत्या प्लास्टरमुळे नव्हे.

सुभाषचंद्र खाली आले, इस्त्रीचा शर्ट घातला, नकाशाची गुंडाळी काखेत मारली.

“अहो, तो नकाशा ठेवा खाली.”

“बैठक आहे दहाला.”

“सायकलवाला नव्हताच कुणी. सायकल मीच चालवत होते. कश्मिराची. मीच पडले.”

सुभाषचंद्रांनी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि फोन लावला.

“सुमेध, कारण मिल गया. फूलवाले का कोई दोष नहीं है… नहीं, नाम नहीं बताऊँगा. घर की बात है.” पलीकडे सुमेध बराच वेळ बोलला. “ब्रेकर भी मत बनाओ. नक्शा ग़लत बना है.”

नक्शा गलत! हा शब्द त्यांच्या तोंडून सिंधूताई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण सुभाषचंद्र समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?” तशी इतक्या वर्षांची वाफ एकदम वर आली.

“तुम्हाला? लग्न होऊन इथे आले त्या हिवाळ्यात विचारलं होतं तुम्हाला. सायकल शिकवाल का म्हणून. तुम्ही म्हणालात, पडशील. आणि पेपर तोंडासमोर धरलात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा विचारलं, पुन्हा पेपर! तेव्हाच समजले मी. इंजिनिअरसाहेबांची बायको सायकलवर शोभत नाही. चाळीस वर्षं नाव काढलं नाही मी मग.”

सुभाषचंद्रांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. इस्त्री मोडली तरी पुसतच राहिले.

“शोभण्याचं नव्हतं गं ते,” ते शेवटी म्हणाले. “कारखान्याची बस दारात यायची, म्हणून कुणाला कळलं नाही. मला अजूनही सायकल येत नाही.”