निळ्याचं पिवळं

"आज किती, बाबा?"

"आठ," सासरे म्हणाले.

"काल?"

"कालही आठच. टाकी तीच, पाणी तेच, मग आकडा कुठे जाणार फिरायला?"

सून हसली. पण आकडा फिरायला जातोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तिने तीन वर्षं प्रवाळ वाढवले होते. नखाएवढ्या तुकड्यांचे आता तळहाताएवढे झाले होते. पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे क्षारता, ओढून घेऊनच ते आपला सांगाडा बांधतात. म्हणून ती रोज मोजायची आणि कमी भरली तेवढं सोड्याचं पाणी घालायची. अंदाजपंचे घातलं, की चार दिवसांत जांभळी टोकं पांढरी.

मोजणं तसं सोपं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब सोडत जायचं. निळं झालेलं पाणी पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितका आकडा.

तिची नोकरी पुन्हा सुरू झाली तेव्हा सासऱ्यांनी हे काम मागूनच घेतलं होतं. "औषधाच्या दुकानात जन्म गेला माझा. थेंब मोजायला मला शिकवू नकोस." दिवसभर घरात ते आणि साडेतीन वर्षांची चिऊ. एक बोलायचे थांबत नसत, एक बोलायला सुरुवातच करत नव्हती. कान उत्तम आहेत, धीर धरा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी मात्र सासऱ्यांनी एका पायात निळा मोजा घातला आणि दुसऱ्यात पिवळा, आणि तसेच ऐटीत फिरून आले.

"त्यांना रंग दिसत नाहीत," रात्री जेवताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "मग आठ येतो कुठून?"

"वहीतल्या आदल्या दिवसाच्या पानावरून," नवरा म्हणाला. "विचार की त्यांना."

"काय विचारू? बाबा, तुम्ही थापा मारता का?"

"मग टाकी देऊन टाक माशांच्या दुकानवाल्याला. नोकरी कर, पोरगी सांभाळ, वर ही समुद्राची उठाठेव कशाला?"

घरात तिची स्वतःची अशी ती एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली. आकडा खोटा निघाला तर संध्याकाळीच दुकानवाल्याला फोन करायचा, असं तिने ठरवलं होतं. किल्लीचा आवाज न करता तिने दार उघडलं.

सासरे खिडकीपाशी बसले होते. नळी उजेडात धरली होती. डोळे चक्क मिटलेले. शेजारी स्टुलावर चिऊ, त्यांची करंगळी मुठीत धरून, नळीकडे टक लावून बसलेली.

"पिवळं झालं की दाबायचं हं, राणी. रोजच्यासारखं," सासरे म्हणाले. "आणि आईला कळू द्यायचं नाही. नाहीतर आपली दोघांची नोकरी गेली."

दारातल्या दारात तिला हसू फुटलं. थापा नव्हत्याच तर! टाकी कुठेही जाणार नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाबांना शनिवारी न्यायचं, काहीतरी निमित्त काढून. ती आल्या पावली परत जायला वळली.

"पाच… सहा…"

तेवढ्यात चिऊने मान वळवली. आईला पाहताच तिने करंगळी सोडली आणि दोन्ही हात पुढे केले.

"सात… आठ…"

नळीतलं पाणी पिवळं झालं. सासऱ्यांची करंगळी मोकळीच राहिली.

"नऊ… आज वाढलंय वाटतं. दहा…"

तिने त्यांना थांबवायला तोंड उघडलं. पण आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी आला.

"आजोबा, पुरे! कधीच पिवळं झालं!"