खोटा पोळा

गाय व्याली तेव्हा गोठ्यात सुखवंता एकटीच होती. दुपारचे तीन वाजले असतील. कालवड झाली. सुखवंताने तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, तिला ओढून गायीच्या पुढ्यात ठेवलं आणि बादलीत हात धुतले. आता फक्त हाक मारायची होती. एका हाकेत अख्खं घर धावत आलं असतं. ती भिंतीला टेकून बसून राहिली.

घर माणसांनी भरलं होतं. शुक्रवारी पोळा, त्याला जोडून शनिवार-रविवार, म्हणून मोठा मुलगा उमेंद्र नागपूरहून बायको डिंपलला आणि दोन पोरांना घेऊन आला होता. मुलगी मंजू नवऱ्याबरोबर चिचगडहून आली होती. निमित्त सुट्टीचं, खरे सगळे आले होते ते या गायीसाठी.

सात वर्षांपूर्वी पोळ्याच्या सकाळी धाकटा ओमेश बैल धुवायला तलावावर गेला. बैल परत आले. तेव्हापासून या घरचा पोळा खोटा झाला. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद. बैल सजत नाहीत, चुलीवर कढई चढत नाही. पुढे कधी नेमक्या त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तरच सण सुटतो. सात वर्षं पोळ्याला या घरात कोणी जन्मलं नाही. शेवटी उमेंद्रने गेल्या कार्तिकात पोळ्यापासून नऊ महिने नऊ दिवस उलटे मोजले आणि त्याच आठवड्यात डॉक्टर बोलावून गाय भरवून घेतली. गावाने त्याची पोटभर थट्टा केली. पण गाय बिचारी शब्दाला जागली.

सकाळपासून तिच्याभोवती जत्राच होती. जावई मोबाइल घेऊन उभा, पोरं गव्हाणीवर चढलेली, डिंपल दर दहा मिनिटांनी डोकावणार. शेवटी सुखवंताने सगळ्यांना हाकललं. "तुम्ही अशे उभे राहिले तं थे गाय कशी व्याईन? निंगा सारे!" आणि बांबूची ताटी ओढून घेतली.

आता ताटीच्या फटीतून अंगण दिसत होतं. मंजू आणि डिंपल कणीक तिंबून बसल्या होत्या. घासलेली कढई चुलीशेजारी ठेवली होती, चुलीवर नाही. तिच्या नवऱ्याने, पुरनलालने, बैल बोअरच्या पाण्याने धुतले होते, शिंगांना तेल लावलं होतं. धुवायला बंदी नाही, असं तो सकाळपासून कोणी न विचारताच सांगत होता. मंगळवारच्या बाजारातून त्याने नव्या झुली आणल्या होत्या. सत्तरीचा माणूस, पण कालपासून त्याचा पाय घरात ठरत नव्हता. वरून बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान घरघरत गेलं, परत आलं.

मंजू ताटीजवळ आली. "माय, काही दिसून राह्यलं का?"

"अजून टाइम आहे," सुखवंता आतून म्हणाली.

मंजू गेली. आपण असं का म्हटलं, ते सुखवंताला कळलं नाही. रडू येत नव्हतं. राग कोणाचाच नव्हता. कालवडीकडे पाहून आनंद व्हायला हवा होता, तोही होत नव्हता. कालवड उठली, पडली, पुन्हा उठली आणि सड शोधून प्यायला लागली. सुखवंता पाहत होती. शेताच्या बांधीत वाऱ्याने हलणारा भात पाहावा, तसं पाहत होती. मग गायीची वार पडली, तीही तिने उचलून खड्ड्यात पुरली. हात आपलं काम करत होते.

आखरावर, गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, ढोल सुरू झाले. गावातले बैल तोरणाखाली लागले होते. पोळा फुटायला, म्हणजे तोरण तुटून बैल सुटायला, आता फार वेळ नव्हता, आणि दिवेलागण झाली की दिवसही संपणार होता.

पुरनलालला राहवलं नाही. तो ताटी सरकवून आत आला आणि थबकला. मग वाकून त्याने कालवडीच्या पाठीवर हात फिरवला. अंग पार कोरडं. पोट तट्ट भरलेलं. आयुष्य गुरांत गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही विचारावं लागत नाही.

"कवा झाली?"

"तीन वाजता."

"आन् तू बसून राह्यली? सांगतलं काऊन नाही वो?"

सुखवंताच्या आवाजात काहीच नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणाली.

"सन सुटला, तं मंग थ्याचा दिवस कोनता राहीन?"

गाय कालवडीला चाटत होती, सारखी तीच जागा. सात वर्षांत दोघांपैकी कोणी ओमेशचं नाव काढलं नव्हतं; आताही कोणी काढलं नाही.

अंगणातून उमेंद्र ओरडला. त्याने बैलांचे कासरे सोडून हातात घेतले होते, पोरं झुली उराशी धरून उभी होती. "बाबा, काय झालं? लवकर सांगा, पोळा फुटून राह्यला!"

पुरनलालने ताटीतून डोकं बाहेर काढलं. पोरांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं.

"नाही गा," तो म्हणाला. "आज नाही होत."

आणि त्याने ताटी आतून लावून घेतली.