रोजची तपासणी

माहेरून आणलेलं ब्रह्मकमळाचं पान तिनं मोठ्या कौतुकानं कुंडीत खोचलं. पण कारखान्यात माल तपासण्यात अख्खी नोकरी गेलेल्या नवऱ्याला निवृत्तीनंतर आयतंच काम मिळालं. रोज सकाळी चष्मा पुसून तो पान उपटायचा, मूळ शोधायचा आणि पुन्हा खोचायचा.

"अहो, जंगलात हे झाडाच्या फांदीवरसुद्धा रुजतं. जरा दम धरा की!"

"तपासल्याशिवाय मी काही पास करत नाही."

शेवटी वैतागून तिनं ते पान गुपचूप न्हाणीघराच्या खिडकीतल्या डब्यात लावलं आणि कुंडीत शोकेसमधलं, देठाला बारीक तार असलेलं प्लास्टिकचं पान खोचून ठेवलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाचतच आत आला, "अगं, बघ! मी जातीनं लक्ष घातलं, म्हणून मूळ फुटलं! तेही कसं, तारेसारखं टणक!"