अंगठा दाबल्याशिवाय

आमचे सुतार आजोबा संत योसेफांच्या सणाला गोड पाव स्वतः भाजायचे. प्रार्थनेनंतर त्यावर अंगठा दाबून ते "जमलाय" म्हणाले, तरच सुरी लागायची. ते हिवाळ्यात गेले. यंदाचा पाव मी हट्टाने मळला.

"बिघडला तर बिस्किटं आहेतच," काका म्हणाला.

"तुला तुकडाही मिळणार नाही," मी सुनावलं.

प्रार्थना संपली. आईने सुरी धरली आणि सवयीने आजोबांच्या खुर्चीकडे पाहिलं.

तेवढ्यात पावाचा खरपूस पापुद्रा हळूच खचला. रुंद अंगठ्याचा ठसा उमटला. मधोमध आजोबांच्या अंगठ्यावर होती तशीच, पटाशी लागल्याची आडवी खूण.

काकाने माझा हात घट्ट पकडला. ठसा अजून खोल जात होता. मी मात्र श्वास रोखून त्या एका शब्दाची वाट बघत होते.