वेलाचं पहिलं फळ

“मी नाय कापायची,” आवडी म्हणाली आणि तिनं विळी भिंतीला टेकवून ठेवली. “घारग्यांचे डोहाळे लागले म्हनून काय देवाचं खाऊ?”

तिचा नवरा नागू, कर्जत स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला, समोर बसला होता. दोघांच्या मधे भोपळा होता. दहिवलीच्या मोतीबाईंच्या वेलावरचा. वेलाचं पहिलं फळ कापणीच्या सणाला प्रभूपुढे ठेवीन, असं मोतीबाईंनी ख्रिस्ती मंडळीत सांगितलं होतं. ड्यूटीवरून येताना वेलावर एकच भोपळा दिसला, नागूनं तो उचलला.

“गुपचूप ठेवून येतो.”

“गुपचूप आणला, गुपचूप ठेवनार. मंग माफी कवा मागनार? जावा. तोंडानं सांगा.”

मोतीबाईंची नागूला धास्ती होती. त्या बायबलबाई, वाड्यावाड्यांतून शुभवर्तमान सांगत फिरायच्या. मंडळीत कोणाचं पाऊल वाकडं पडलं की त्याच्या दारात हजर. उद्याच सण होता. त्या चारचौघांत बोलल्या, तर पाळकसाहेब आपल्याला प्रभुभोजनाला बसू देणार नाहीत, हे नागूला ठाऊक होतं. लेकरू जन्मायच्या आधीच बापाचं नाव जाणार.

तरी तो भोपळा फडक्यात बांधून दहिवलीला गेला.

“सलाम, बाई.”

“सलाम. काय रे हे खांद्यावर? लेकरू आत्ताच झालं की काय?”

नागूला हसू आलं नाही. त्यानं गाठ सोडली. “तुमच्या वेलावरचा. देवाचं पहिलं फळ मी चोरलं, बाई.”

मोतीबाई भोपळ्याकडे बघत राहिल्या.

“कोणी पाहिलं होतं तुला?”

“नाय.”

“मग आलास कशाला?”

“आवडीनं धाडलं. आन् तिनं नसतं धाडलं, तरी घास उतरत नव्हता.”

मोतीबाई उठल्या. आतून ताटली घेऊन आल्या. “परवा यजमानांना जाऊन वर्ष झालं. त्यांना घारगे फार प्रिय. तू खा, उरलेले आवडीला ने.”

नागूनं एक खाल्ला. आता घास उतरला. मोतीबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“चुकलास, नागू. पण लपवलेलं आत कुजत राहतं. उद्या मंडळीसमोर सांगून टाक.”

“एकट्यानं नाय जमनार, बाई.”

“मी उभी राहीन शेजारी.”

दुसऱ्या दिवशी देवळात वेदीपुढे भाताच्या लोंब्या, काकड्या, पडवळं मांडली होती. नागूनं मधोमध भोपळा ठेवला. मोतीबाई शेजारी उभ्या राहिल्या. “ह्यो मी चोरला होता,” तो म्हणाला, आणि अर्पणाला आणलेला कोंबडा नेमका तेव्हाच आरवला. मंडळी हसली. नागूही हसला, मग रडला. पाळकसाहेबांनी त्याला कवटाळलं. “ये रे भावा, भोजनाला ये.” कोणीतरी गीत धरलं, झांजा वाजल्या, बायकांत बसलेल्या आवडीनं पदरानं डोळे पुसले.

गीत संपलं. सगळे बसले. मोतीबाई उभ्याच.

“बसा आता,” पाळकसाहेब म्हणाले. “त्याचं झालं.”

“माझं राहिलंय, साहेब.” नागू उठून शेजारी उभा राहिला. त्यानं त्यांचा हात धरला. “यानं आणलाय तो दुसरा. पहिल्याचे मी घारगे केले.”